जुनं चेनसॉ सुरू होतंय, पण टिकत नाही. सात-आठ मिनिटांत बंद

जांबोटीकडचा · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वडिलांच्या काळातलं झाड कापायचं मशीन आहे. पेट्रोलचं, ४५ सीसी, १८ इंची पट्टी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस-बावीस वर्षं राबलंय, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. होळीच्या आधी काजूच्या वाळक्या फांद्या उतरवल्या तेव्हा झकास चाललं. मग पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं होतं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे शिव्या एकदाच खाता येतील.

परवाच्या वाऱ्यात दारचा फणस मुळासकट उपसून गोठ्यावर टेकलाय. पत्रे वाकले, म्हशी वाचल्या. आता मशीन काढलं तर दुखणं असं: चोक ओढून चार-पाच वेळा दोरी मारली की सुरू होतं, रेसही घेतं. सात-आठ मिनिटं कापतं आणि बंद. लगेच कितीही दोरी ओढा, उपयोग नाही. वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवलं की पुन्हा सुरू, पुन्हा सात-आठ मिनिटं. प्लग नवा घातला, एअर फिल्टर धुतला. नंदगडात एकाला दाखवलं. त्यानं दोनदा दोरी ओढली आणि "आगंगिल्लरी, होसाद तगोळ्री" (होत नाही हो, नवं घ्या) म्हणून हात पुसले.

होसाद घ्यायची इच्छा नाही. वडील तर विषयच काढू देत नाहीत. काय काय बघू? फोटो टाकलेत.

पुण्यातला बेळगावी · सोमवार, रात्री ९:३०

भाऊ, ऑनलाइन अख्खा कार्बोरेटर मिळतो, चार-पाचशे रुपयांत. जुना फेकून दे, नवा लाव, विषय संपला. नाहीतर ५८ सीसीचं चायना मशीन घे, तेही स्वस्त आहे.

काजूवाला चंदगड · सोमवार, रात्री ९:५१

पुणेकर, तुम्ही आंबोलीला वीकेंडला या, मशीनचं आम्ही बघतो. 😄

जांबोटीकर, माझ्या बागेत तीन मशीनं आहेत, त्यातलं एक तुमच्याएवढंच म्हातारं. आधी फुकटातलं करा. बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि मशीन सुरू झालं, तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही, टाकीत ओढ बसते आणि पेट्रोल अडतं. तुमचं 'सात-आठ मिनिटं चालतं, मग थांबतं' हे लक्षण ऐकून माझं पहिलं बोट तिकडेच जातं.

दुसरं, टाकीतली नळी. तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून फिल्टर बाहेर ओढा आणि नळी हातात धरून ताणून बघा. नुसती बघून कळत नाही, ताणल्यावर भेग उघडते. आताचं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. आपल्याच उसाचं इथेनॉल फिरून आपल्याच टाकीत येतं आणि जुन्या मशीनचं रबर खातं. नव्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं असतं, वीस वर्षांपूर्वीच्या मशीनचं नाही. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. होळीपासून आषाढापर्यंत टाकीत राहिलं म्हणजे तळाशी काय झालं असेल बघा.

लुनावाला · सोमवार, रात्री १०:२०

पोरा, एकच इचारतो. बंद पडल्या पडल्या प्लगला करंट हाय का बगितलास काय? थंड झाल्यावर न्हवं, बंद पडलेल्या घडीला.

आनि दोरी बदल ती. फोटोत मुठीजवळ केस सुटल्यात तिचं.

उद्यमबाग · सोमवार, रात्री १०:४५

मी फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये आहे. चेनसॉ माझा धंदा नाही, पण शेताच्या कामामुळे दोन खोलून झालीत. काही विचारतो, उत्तरं नीट दे:

बंद पडताना आवाज कसा होतो? गुदमरत, खाली येत येत बंद पडतं, की बटण दाबल्यासारखं टपकन? गुदमरत असेल तर पेट्रोल किंवा हवा, टपकन असेल तर करंट. शंभर टक्के नियम नाही, पण दिशा कळते.

काढलेल्या जुन्या प्लगचा रंग कसा होता? बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी फालतू हवा आत येतेय.

आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस?

जांबोटीकडचा · मंगळवार, सकाळी ७:०५

रात्री लाइट नव्हती, मोबाइलही मेला होता. आता उत्तरं देतो.

आवाज... गुदमरल्यासारखाच वाटतो. म्हणजे थोडा खाली येतो आणि जातो. प्लग पांढरट होता, आता लक्षात आलं. ऑइल झाकणानं मोजून घालतो. म्हणजे वडील घालायचे तसं, लिटरला अडीच झाकणं. झाकण केवढं ते विचारू नका.

टाकीचं झाकण सैल करून बघितलं, फुस्स वगैरे काही नाही, फरक शून्य. करंट बघितला नाही काका, पाऊस थांबत नाहीये आणि पडवीत एकट्यानं जमत नाही.

उद्यमबाग · मंगळवार, सकाळी ८:१५

पांढरा प्लग आणि अंदाजे ऑइल, हे दोन्ही मिळून पिस्टन खातात. आधी ते बंद कर. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि मशीनच्या पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि. साधं २-टी, म्हणजे स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल, असेल तर २५:१ धर, म्हणजे ४० मिलि. मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज आण, दहा रुपयांत झाकणाचा प्रश्न मिटतो. पेट्रोल बाटलीत आधी कालव, मग टाकीत. लुनावाले टाकीत ऑइल ओतून गाडी हलवायचे, तसं नको.

लुनावाला · मंगळवार, सकाळी ८:४०

आमच्या लुनांनी काय घोडं मारलंय तुमचं? 😄 हलवून घातलेल्या लुना अजून चालालेत शहापुरात.

काजूवाला चंदगड · मंगळवार, सकाळी ९:०२

पांढरा प्लग म्हणजे नळीच. लिहून देतो.

जांबोटीकडचा · मंगळवार, दुपारी ३:३०

काजूवाल्यांना पेढे. टाकीतून बाहेर येते तिथे रबरी बूच आहे, त्याच्या बरोबर मागे नळीला भेग. नुसती बघितली तेव्हा काळी तुकतुकीत, काहीच दिसलं नाही. ताणल्यावर माशाचं तोंड उघडावं तशी उघडली. फिल्टरही गाळानं पिवळा पडला होता. टाकी ओतली तर तळाशी चमचाभर पाण्यासारखं वेगळंच काहीतरी फिरत होतं.

पण दुसरा एक घोळ करून बसलोय. नळीचं कळायच्या आधी, काल संध्याकाळी, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले. यूट्यूबवर एक जण सांगत होता की 'एच' स्क्रू आत घेतला की ताकद वाढते. आता मूळ जागा कुठे होती आठवत नाही.

उद्यमबाग · मंगळवार, दुपारी ४:१०

अरे देवा.

'एच' आत घेणं म्हणजे घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे पेट्रोल कमी. आवाज चढतो, बारीक शिट्टीसारखा होतो, माणसाला वाटतं ताकद वाढली. खरं म्हणजे इंजिन उपाशी पळतंय. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर उष्णता जास्त. त्या यूट्यूबवाल्याचं मशीन दहा मिनिटं चालून व्हिडिओ संपतो, तुझं दिवसभर चालायचंय.

आता असं कर. दोन्ही स्क्रू, 'एल' (कमी रेसच्या पेट्रोलचा) आणि 'एच' (फुल रेसच्या पेट्रोलचा), हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घे. आवळू नकोस, आतली सुई जखमी होते. मग दोन्ही एक-एक फेरा बाहेर. बऱ्याच मशीनना सुरुवात करायला ही जागा चालते, तुझ्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. मशीन गरम झाल्यावर 'एल' फिरवून आयडलिंग जिथं सगळ्यात चढतं ती जागा शोध, तिथून किंचित बाहेर. तिसरा स्क्रू आयडलिंगच्या वेगाचा. आयडलिंगला चेन फिरता कामा नये, हे पक्कं लक्षात ठेव. 'एच' असा ठेव की लाकडात नसताना फुल रेसला आवाज थोडा खडबडीत, अडखळल्यासारखा येईल आणि लाकडात घातल्याबरोबर साफ होईल.

पण हे सगळं नळी बदलल्यावर. भेग असताना ट्यूनिंग करणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी मोजणं.

कणकुंबीची ताई · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मशीनचं चालू द्या, मी वेगळं सांगते. गोठ्यावर टेकलेलं झाड उभ्या झाडासारखं कापायचं नसतं. खोड दोन ठिकाणी टेकलेलं असतं, मधे कमानीसारखा ताण असतो. वरून कापत गेलात तर पट्टी चिमटीत सापडते, खालून कापलं तर फांदी उसळते. आमच्याकडे गेल्या पावसात असंच आंब्याचं झालं, माणसाच्या मांडीला थोडक्यात वाचलं. शेंड्याकडून, बारीक फांद्या आधी, आणि गोठ्यातली जनावरं दुसरीकडे बांधून. त्यात चालता चालता बंद पडणारं मशीन घेऊन खोडाखाली जाऊ नका.

आणि कापायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. १९७६ चा कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा आहे. आपल्या दारचं, आपोआप पडलेलं असलं तरी लाकूड गाडीत घालून बाहेर न्यायचं असेल तर आधी वनखात्यात विचारा. चंदगडच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, नेणार असाल तर दुप्पट विचारा.

जांबोटीकडचा · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

ताई, म्हशी कालच काकांच्या गोठ्यात नेल्या. फोटो काढतो. लाकूड कुठे नेणार नाही, वडिलांना त्याचा देव्हारा करायचाय.

निपाणीकर · मंगळवार, रात्री ८:००

धागा पळवतोय, माफी. माझंही मशीन टिकत नाही, पण वेगळं. सरळ धरलं की चालतं, आडवं करून बुंधा कापायला घेतलं की गुदमरतं. रेस दिली की अजून लवकर. कार्बोरेटर बदलू का?

काजूवाला चंदगड · मंगळवार, रात्री ८:१५

आडवं केल्यावरच? टाकीतला फिल्टर नळीतून निसटून पडलाय का बघा. तो जड असतो, मशीन जसं वळेल तसा पेट्रोलमागे लोळत जातो. नळी कडक झाली असेल तर लोळत नाही, एका जागी ताठ उभा राहतो. मग आडवं केलं की त्याच्या तोंडाशी पेट्रोलच नसतं. टाकी अर्धी झाल्यावर जास्त होतं का?

निपाणीकर · मंगळवार, रात्री ८:२२

हो!! भरलेली असली की होत नाही. उद्या बघतो.

लुनावाला · मंगळवार, रात्री ९:३०

जांबोटीकर, नळी घालशील ते घाल. करंट बगितलास काय?

जांबोटीकडचा · गुरुवार, दुपारी १:१०

काल बेळगावला गेलो होतो. नळी, फिल्टर आणि कार्बोरेटरचं किट आणलं. किट घेताना दुकानदारानं कार्बोरेटरवरचं नाव विचारलं. वॉल्ब्रो की झामा, आणि त्याखालचा नंबर. मी मशीनचं नाव सांगत होतो, तो मान हलवत होता. शेवटी घरी फोन करून बहिणीला कार्बोरेटर पुसायला लावला तेव्हा नंबर मिळाला. कुणी जाणार असाल तर कार्बोरेटर खिशातच घेऊन जा.

खोलल्यावर आतला पडदा बघितला. नवा पडदा बोटानं दाबला तर केळीच्या सालीसारखा लवतो. जुना पापडासारखा कडक, दाबला तर 'टक' आवाज करून वाकला आणि तसाच राहिला. घातला नवा. नळी नवी, फिल्टर नवा, स्क्रू एक-एक फेरा.

आता ऐका. दोन दोऱ्यांत सुरू. आयडलिंग असं की मशीनवर चहाचा कप ठेवावा. रेस दिली की झटकन वर. वडील पडवीत येऊन उभे राहिले. मी शेंड्याकडच्या फांद्या घेतल्या.

नवव्या मिनिटाला बंद.

काजूवाला चंदगड · गुरुवार, दुपारी १:२५

😐

पुण्यातला बेळगावी · गुरुवार, दुपारी १:४०

मी आधीच म्हटलं होतं, अख्खा कार्बोरेटर बदला.

उद्यमबाग · गुरुवार, दुपारी २:३०

नाही. आयडलिंग सुधारलं, पिकअप सुधारला, म्हणजे कार्बोरेटर आता त्याचं काम करतोय. नवा कार्बोरेटर लावूनही ते नवव्या मिनिटाला बंदच पडलं असतं, आणि मग आपण सगळे म्हटलं असतं की चायनाचा म्हणून.

दोन आजार होते. एक आपण बरा केला. आता सांग, या वेळी आवाज कसा गेला?

जांबोटीकडचा · गुरुवार, दुपारी २:४५

आता नीट ऐकलं. टपकन. बटण दाबल्यासारखं. आधी नळीच्या भेगेमुळे गुदमरणं आणि टपकन जाणं मिसळलं होतं बहुतेक, म्हणून मला गुदमरल्यासारखं वाटलं.

कणकुंबीची ताई · गुरुवार, दुपारी ३:००

सायलेन्सरची जाळी पण बघून घ्या एकदा. माझ्या पॉवर स्प्रेच्या पंपाची जाळी काजळीनं पार बुजली होती, श्वासच बाहेर पडत नव्हता. तेही गरम झाल्यावरच दम तोडायचं.

उद्यमबाग · गुरुवार, दुपारी ३:१०

ताई, जाळी बघावीच, पण तिनं ताकद हळूहळू जाते. टपकन नाही. आता लुनावाल्या काकांचं ऐकायची वेळ झाली. ते सोमवारपासून एकच सांगतायत आणि आपण सगळे पेट्रोलच्या मागे धावतोय. मी पण.

लुनावाला · गुरुवार, संध्याकाळी ५:५०

बरं झालं आटवण झाली माजी.

असं कर. दुसरा एक चांगला प्लग खिशात ठेव. मशीन चालव, बंद पडू दे. पडलं की घाई कर, थंड होऊ देऊ नको. प्लगची टोपी काढून खिशातल्या प्लगला घाल आनि त्या प्लगचं लोखंड सिलिंडरच्या पात्यावर दाबून धर. मूळ प्लग जागच्या जागी राहू दे, तेचं भोक उघडं ठेवू नको, आत पेट्रोलची वाफ असतीय. अंधारात धर, न्हाईतर अंगावर पोतं घेऊन बग. दुसऱ्या माणसाला दोरी ओढाय लाव. हातानं प्लग धरशील तर रबरी हातमोजा घाल, न्हाईतर झटका खाशील, मग मला सांगू नको.

ठिणगी निळी, टकटक येत असली तर मी चुकलो. येत नसली तर गरम झाल्यावर करंट मरालाय. करंट तयार करनारी कॉइल असंल, न्हाईतर वायर.

जांबोटीकडचा · शुक्रवार, सकाळी ११:२०

काका, करंट नाही. काहीच नाही. बहिणीनं दोरी ओढली, मी पोत्याखाली. मिट्ट काळोख. वीस मिनिटांनी तेच केलं, तर निळी ठिणगी, आवाजासकट.

म्हणजे कॉइल गेली ना? बेळगावच्या दुकानदाराला फोन केला. मूळ कंपनीची आता मिळत नाही म्हणाला, दुसरी बसते, पंधराशेच्या आसपास.

काजूवाला चंदगड · शुक्रवार, सकाळी ११:३५

गरम झाल्यावर मरणारी कॉइल मी दोनदा बघितलीय. आतली बारीक तार गरमीनं ताणते आणि सुटते, थंड झाली की परत टेकते. मल्टीमीटर लावून सापडत नाही, कारण लावता तेव्हा ती थंड असते. बदला. बसवताना मॅग्नेट आणि कॉइलच्या मधे व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळा, तेवढीच फट लागते.

लुनावाला · शुक्रवार, दुपारी १२:१०

थांब रे. पंधराशे घालायच्या आदी एक फुकटचं कर.

कॉइलपासनं एक बारीक वायर बंद करायच्या बटनाकडं जातीय. बटन दाबलं की ती वायर बॉडीला टेकतीय, करंट जमिनीत जातोय, मशीन बंद हुतंय. ती वायर मधेच कुठं सोललेली असली आनि बॉडीला लागली, तर बटन न दाबताच बटन दाबल्यागत हुणार. तू काय म्हणालास? बटन दाबल्यासारखं.

कॉइलजवळ ती वायर काढ. टोक कशाला लागू देऊ नको, टेप लाव. मग चालव. मशीन मरत न्हाई झालं तर कॉइल बरी हाय. तरी मेलं तर घे नवी कॉइल. पन ध्यानात ठेव, वायर काढल्यावर बटनानं मशीन बंद हुणार न्हाई. चोक ओढून बंद करायचं. लाकूड कापू नको तवर, नुसतं उभं राहून चालव.

उद्यमबाग · शुक्रवार, दुपारी १२:३०

काका, दंडवत. हे मला सुचलं नव्हतं.

जांबोटीकडचा · शनिवार, रात्री ८:४०

काल पाऊस कोसळत होता, आज दुपारी उघडीप मिळाली. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

वायर काढली, टोकाला टेप लावली. वडिलांना खुर्ची दिली, मोबाइलवर घड्याळ लावलं. सात मिनिटं. आठ. नऊला माझाच श्वास अडकला होता. दहा. मधूनमधून रेस देत होतो, सिलिंडरवर हात धरवत नव्हता एवढं गरम. पंधरा मिनिटं झाली आणि वडील म्हणाले, "आता बंद कर, पेट्रोल झाडावर उगवत नाही." चोक ओढून बंद केलं. लगेच दोरी ओढली, एका दोरीत सुरू.

मग वायरचा माग काढला. दोरीचं कव्हर काढलं, मॅग्नेटच्या कडेनं ती बारीक काळी वायर मागच्या मुठीकडे जाते. अर्ध्या वाटेवर तिला धरून ठेवणारा प्लास्टिकचा आकडा तुटलेला. आकडा तुटल्यावर वायर खाली लोंबून सिलिंडरच्या एका पात्याच्या कोपऱ्यावर टेकली होती. त्या जागी भुगा आणि ऑइल मिळून काळी खरड बसली होती, म्हणून दिसत नव्हतं. नखानं खरवडलं तर खाली ज्वारीच्या दाण्याएवढी जागा गुळगुळीत घासलेली आणि मधे तांब्याचा एकच केस बाहेर. थंड असताना तो केस पात्यापासून किंचित वर राहतो. गरम झालं की प्लास्टिक मऊ पडतं, वायर खाली बसते आणि मशीन हलतं तसा तो केस टेकतो. टेकला की करंट जमिनीत. थंड झालं की आखडून पुन्हा वर. सात-आठ मिनिटांचा हिशेब तिथे बसला होता.

वायरच्या एका टोकाची पिन उपसून गरमी सहन करणारी स्लीव्ह ओवली. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे कापडी स्लीव्ह असते, त्यानं हातभर कापून दिली, पैसे घेतले नाहीत. तुटलेल्या आकड्याच्या जागी वडिलांनी स्वतः तांब्याच्या तारेनं वायर बाजूला बांधली. मी म्हटलं, तांब्याची कशाला, तीच सोलली तर? मग ते गप्प झाले आणि सुतळी घेतली. सुतळी जळेल म्हणून शेवटी तिथेही स्लीव्हचा तुकडाच गुंडाळला. वायर परत जोडली, बटण चालतंय.

संध्याकाळपर्यंत दोन टाक्या संपवल्या. गोठा मोकळा झाला. बुंधा अजून आहे, तो उद्या, चार माणसं घेऊन.

काजूवाला चंदगड · शनिवार, रात्री ८:५५

पंधराशे वाचले. मी तर बदलायलाच सांगितली होती, पेढे परत घ्या. आता मी पण आमच्या म्हाताऱ्याची वायर बघतो.

उद्यमबाग · शनिवार, रात्री ९:१०

भारी काम. एक राहिलं. इतके दिवस पांढऱ्या प्लगवर चाललंय, तर सायलेन्सर काढून आतल्या बाजूनं पिस्टन बघ. दोन स्क्रूंचं काम आहे, टॉर्च मारायचा. पिस्टन साफ, आडव्या बारीक रेषांचा असेल तर मस्त. उभे ओरखडे असतील तर बोअरचं काम कधीतरी निघणार. त्या निमित्तानं ताईंनी सांगितलेली जाळीही साफ होईल.

जांबोटीकडचा · शनिवार, रात्री ९:४०

बघितलं, राहवलं नाही. एका बाजूला दोन उभे ओरखडे आहेत, नखाला लागत नाहीत. जाळी अर्धी बुजलेली होती, तारेच्या ब्रशनं घासली. दोरीच्या मुठीला धरून मशीन उचललं तर एकदम खाली येत नाही, थांबत थांबत उतरतं.

उद्यमबाग · शनिवार, रात्री ९:४५

नखाला लागत नाहीत आणि दाब धरतोय, म्हणजे चालव बिनधास्त. ऑइल मात्र सिरिंजनंच.

निपाणीकर · रविवार, सकाळी ८:३०

माझंही सापडलं. फिल्टर निसटला नव्हता, पण नळी इतकी कडक झाली होती की फिल्टर टाकीच्या एका कोपऱ्यात छत्रीच्या दांड्यासारखा उभा होता. नळी बदलली, आडवं-तिडवं कसंही चालतंय. कार्बोरेटर मागवला होता ऑनलाइन, आता परत करतोय. पुणेकर राग मानू नका.

पुण्यातला बेळगावी · रविवार, सकाळी ९:००

राग नाही. फणस कापताना गरे मिळाले का तेवढं सांगा.

कणकुंबीची ताई · रविवार, सकाळी ९:२०

आषाढात गरे? पुण्याला जाऊन माणूस पार बिघडतो. पावसाचं पाणी पिऊन फणस पाणचट झालेला असतो आता. आठळ्या मिळतील फार तर, त्या चुलीत भाजा.

लुनावाला · रविवार, सकाळी १०:०५

पोरा, बुंधा कापून झाला काय? आनि ती दोरी बदललीस काय?

जांबोटीकडचा · रविवार, दुपारी ४:१५

काका, बुंधा निम्मा झालाय. मशीन एकदाही बंद पडलं नाही. जेवायला म्हणून मीच बंद केलं, आणि परत सुरू करताना दोरी तुटली. मूठ हातात, बाकीची आत.

नवा धागा काढू का?

लुनावाला · रविवार, दुपारी ४:२०

काढ. साडेतीन मिलीचा, नायलॉनचा.